किती वर्षं जाईल?

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात वडील रेडिओ दुरुस्त करायचे. नवा रेडिओ घ्यायच्या आधी खेड्यातला माणूस त्यांचा सल्ला घ्यायला यायचा आणि बसल्या बसल्या विचारायचा, "मिस्त्री, ह्यो किती वर्सं जाईल?" किंमत त्यानं दुकानदाराकडून आधीच काढलेली असायची. वडील तोंडी उत्तर द्यायचे नाहीत. मागचा पुठ्ठा काढून आतली जोडणी दाखवायचे, टाके कसे मारलेत ते सांगायचे, कुठला भाग आधी जाणार आणि तो कोल्हापुरात मिळतो का, हेही सांगायचे. रेडिओला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे. एवढा व्याप करून आणलेली वस्तू दोन वर्षांत फेकायची असते, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती.

मी कळंब्याच्या आयटीआयत रेडिओ-टीव्हीचं शिकलो आणि त्याच बाकावर बसलो. आता पंचवीस वर्षं मोबाईल उघडतोय. "महागाचा फोन घेऊ का स्वस्तातला?" हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी कानावर येतो, आणि वडिलांसारखं मागचं झाकण काढून उत्तर देण्याची सोय राहिलेली नाही. झाकणंच आता गोंदानं चिकटवलेली असतात. म्हणून मी फोनचा गेल्या तीस वर्षांचा प्रवास सांगतो, जसा माझ्या बाकावरून दिसला तसा.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. वर्दळीच्या वेळी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. आमच्याकडे मोबाईल आला तेव्हा तो बिल्डर, साखर कारखान्याचे संचालक आणि गुजरीतले पेढीवाले यांच्याच कमरेला दिसायचा. चामड्याच्या पाकिटात, पट्ट्याला अडकवलेला. फोन वाजला की ते नंबर बघायचे, कट करायचे आणि शेजारच्या पिवळ्या पाटीच्या पीसीओतून उलट फोन लावायचे. मोबाईल असलेला माणूस पीसीओच्या रांगेत उभा, हे चित्र मी कित्येकदा पाहिलंय. स्वस्त की महाग, हा वाद त्या काळात निघालाच नाही. ज्याला बोलणं परवडत होतं त्याच्याकडे फोन होता, बाकीच्यांकडे नव्हता.

हा हिशोब दोन तारखांनी बदलला. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. त्याच वर्षी जुलैत रिलायन्सनं 'मान्सून हंगामा' काढला आणि ५०१ रुपये भरून हँडसेट हातात पडायला लागला. उरलेले पैसे महिन्याच्या बिलातून जायचे. त्या सेटला सिमकार्ड नव्हतं, फोन आणि कंपनी एकमेकांना बांधलेले. कंपनी सोडली की हँडसेट निकामी. स्वस्त वस्तूची किंमत पावतीवर दिसते त्याहून वेगळ्या जागी वसूल होते, हा धडा मला तेव्हा मिळाला. तरी त्या ५०१ रुपयांनी हमालापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात फोन गेला, हे मोठं काम झालं. मी त्याला नावं ठेवणार नाही.

त्याच साली नोकियाचा ११०० आला. माझ्या लेखी कोल्हापूर जिल्ह्यात आलेल्या फोनमध्ये याच्याइतका जाणून बनवलेला दुसरा फोन नाही. कीपॅडवर एकसंध रबराचा पडदा होता, त्यामुळं धूळ आत जात नव्हती. घामट हातातून निसटू नये म्हणून बाजूंना खरखरीतपणा दिला होता, आणि डोक्यावर टॉर्च. त्या वर्षांत लोडशेडिंग जबर होतं. शेतीपंपाची लाइट रात्रीची यायची आणि उसाला पाणी पाजायला माणूस अंधारात बांधावरून चालत जायचा. साप-किरडाच्या भीतीत त्या टॉर्चचं मोल काय होतं, ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. करवीर आणि पन्हाळ्याकडची गिऱ्हाइकं त्याला फोन म्हणतच नसत, 'बॅटरीचा नोकिया' म्हणत. बॅटरी म्हणजे विजेरी. जगभरात या मॉडेलचे २५ कोटींहून जास्त नग खपले.

दुरुस्तीच्या दृष्टीनंही तो राजा होता. टी-६ चा स्क्रू ड्रायव्हर फिरवला की सगळा फोन बाकावर मोकळा. माइक गेला, बदला. रिंगर गेला, बदला. बॉडी झिजली तर नवी बॉडी चढवा, फोन नवरीसारखा दिसतो. बॅटरी हातानं निघायची. एकेका सेटला मी तीन-तीन बॉड्या चढवल्यात.

त्याच कंपनीचे महागडे सेटही तेव्हा यायचे. ६६००, मग एन-सेव्हन्टी, एन-नाइन्टीफाइव्ह. त्यांत कॅमेरा होता, गाणी होती, मेमरी कार्ड होतं. ६६०० च्या जॉयस्टिक मी किती बदलल्या याची गणती नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी होती. महाग सेट आणि स्वस्त सेट यांचं आयुष्य सारखंच होतं. उलट स्वस्त जास्त टिकायचा, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी होतं. जास्तीचे पैसे आपण जास्तीच्या कामासाठी मोजत होतो, वर्षांसाठी नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या धोक्यापायी बदलून देण्याचं जाहीर केलं, तेव्हा माझ्या दुकानासमोर नुसती बॅटरी मुठीत धरून माणसं उभी होती. साधा फोनवाला आणि भारी फोनवाला एकाच रांगेत. दोघांच्या फोनच्या पोटात तीच बॅटरी होती.

मग चिनी सेटांची लाट आली. दोन सिम, चार स्पीकर, काहींना टीव्हीची काडीसुद्धा. गणपतीच्या मंडपात वाजवता येईल एवढा आवाज. ते उघडले की माझं मन उदास व्हायचं. बोर्डावर मॉडेलचा पत्ता नाही, सर्किटचा नकाशा कुठं मिळायचा नाही, आणि एकाच नावाच्या दोन सेटांचे डिस्प्ले एकमेकांना बसायचे नाहीत. वडिलांना विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला इथं पहिल्यांदा उत्तर मिळालं की याला आयुष्यच ठरवून दिलेलं नाही. आयएमईआय, म्हणजे फोनची ओळख पटवणारा नंबर, नसलेल्या सेटांची सेवा १ डिसेंबर २००९ पासून बंद करण्याचा हुकूम निघाला. त्या आठवड्यात एक म्हातारा आला होता, कागलकडचा. मुलानं मुंबईहून पाठवलेला सेट मुका झाला होता. त्याला आयएमईआय काय ते समजेना आणि मला समजावता येईना. शेवटी मी माझ्याकडचा जुना ११०० त्याच्या हातात ठेवला.

आयफोन भारतात विकायला आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी, ३१,००० रुपयांना. तो कोल्हापुरात पहिल्यांदा माझ्या बाकावर आला तेव्हा मी रात्री दुकान बंद करून तो न उघडता नुसता बघत बसलो होतो. काचेवर बोट फिरवलं की पान सरकायचं, ते अगदी पाण्यासारखं. त्यात व्हिडिओ काढता येत नव्हता, मजकूर कॉपी करता येत नव्हता, दुसरं सिम नव्हतं. तरीही जगातले पुढचे सगळे फोन याच वाटेनं जाणार, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नव्हतं. महाग आणि स्वस्त यांच्यात एवढी खोल दरी त्याआधी नव्हती आणि नंतरही राहिली नाही. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बटणांचे सेट.

ही दरी बुजली २०१४ मध्ये. मला ते वर्ष महिन्यांसकट आठवतं. फेब्रुवारीत मोटो जी आला, १२,४९९ रुपयांना. जुलैत शाओमीचा एमआय-३, १३,९९९ ला. सप्टेंबरात रेडमी १एस, ५,९९९ ला. तिन्ही दुकानात मिळत नव्हते, फक्त फ्लिपकार्टवर, आणि शाओमीचे तर ठरलेल्या वेळी मिनिटभरात संपायचे. शिवाजी विद्यापीठातली पोरं दुपारी सायबर कॅफेत जाऊन त्या मिनिटाची वाट बघायची. राजारामपुरीतल्या दुकानदारांच्या पोटात त्या वर्षी गोळा आला. मी मात्र मोटो जी उघडून खूश झालो होतो. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्याला तीस हजार पडत होते, त्याच्या पुढचं काम बारा हजारांत होत होतं, आणि आतली कारागिरी स्वच्छ होती. एकच गोष्ट खटकली. मागचं झाकण निघायचं, पण बॅटरी हातानं निघत नव्हती. स्वस्त फोनलाही कुलूप बसायला सुरुवात झाली होती.

२०१६ च्या फेब्रुवारीत २५१ रुपयांच्या स्मार्टफोनची जाहिरात झाली. माझ्या दुकानात येऊन लोकांनी नोंदणी करून मागितली. नुसता डिस्प्लेच त्याहून महाग पडतो, हे मी हात जोडून सांगत होतो. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावानं मिळू लागला. पुढच्या, २०१७ सालात दोन टोकं एकदम दिसली. एका बाजूला १,५०० रुपये अनामत ठेवून मिळणारा जिओफोन, दुसऱ्या बाजूला ८९,००० पासून सुरू होणारा आयफोन टेन, ज्याचं मोठ्या साठवणीचं मॉडेल १,०२,००० रुपयांना होतं. लाखाचा फोन! आमच्या गल्लीत या आकड्यावर आठवडाभर चर्चा चालली. लाखात दुभती म्हैस येते आणि ती महिना काहीतरी देते, असं एका गिऱ्हाइकानं मला गंभीरपणे सांगितलं. त्याचं गणित चुकीचं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र फोनच्या किमतीकडे बघण्याची माझी नजर बदलली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडी पाण्याखाली, शहरात शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, व्यापारी पेठ. पाणी उतरल्यावर माझ्याकडे फोन पिशव्यांतून यायला लागले. तांदळाच्या डब्यात ठेवलेले, हेअर ड्रायरनं भाजलेले, चिखल वाळून कडक झालेले. मी आणि माझा पोऱ्या, दोघं दिवसाला वीस-पंचवीस सेट उघडायचो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढंच हत्यार. बोर्ड धुवायचा, दिव्याखाली वाळवायचा, गंजलेल्या जागी सुईनं खरवडून जम्पर मारायचा.

साधे बटणांचे फोन सर्वांत आधी जिवंत झाले. बॅटरी काढून ठेवलेली असली की बोर्डाला फार इजा नसायची. मधल्या किमतीचे अर्धेअधिक गेले. लाखाच्या आसपासच्या फोनांवर आयपी-६८ लिहिलेलं होतं, आणि खरोखरच त्यातले काही नुसते पुसून चालू झाले. एक तर दोन तास घरातल्या पाण्यात होता. पण ज्यांची काच पूर्वी एकदा बदललेली होती, ते आत भिजून गेले. आयपी-६८ या आकड्याचा अर्थ असा की नव्या फोनची चाचणी स्वच्छ, साचलेल्या पाण्यात ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ झालेली असते. पुराचं पाणी स्वच्छ नसतं आणि भोवतीचं रबर-गोंद दर वर्षी सैल होत जातं. मेलेला महाग फोन उघडणंही दुखणं असतं. मागची काच तापवायची, ती फुटू द्यायची नाही, खालचा पसारा एकावर एक रचलेला.

त्या दिवसांत कुणी फोनसाठी रडलं नाही, आतल्या फोटोंसाठी रडले. चिखलीच्या एका बाईनं मला सांगितलं, फोन नको, सासऱ्यांचा आवाज तेवढा काढून द्या. सात हजारांचा फोन होता. तीन रात्री घालवून तो दहा मिनिटांपुरता चालू केला आणि ते रेकॉर्डिंग उतरवून घेतलं. त्या फोनची किंमत काय धरायची?

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. वीस हजार आणि ऐंशी हजार यांच्यात फरक कशाचा, हे मी दोन्ही उघडून पाहिलेलं आहे. पहिला फरक कॅमेऱ्याचा, आणि तो खरा आहे. खासबाग मैदानात कुस्त्या असल्या की माझ्या ओळखीचा एक मुलगा व्हिडिओ काढतो. संध्याकाळ होत आलेली, दिवे लागलेले, आणि डाव एका क्षणात पडतो. स्वस्त फोनमध्ये तो क्षण नुसता धूसर फराटा होतो, कारण आतला सेन्सर लहान, त्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो. महाग फोनमध्ये पैलवानाच्या पाठीवरची माती दिसते. त्या व्हिडिओंवर तो घर चालवतो. त्यानं हप्त्यानं ऐंशी हजार घातले, आणि मीच त्याला घाल म्हटलं.

कॅमेऱ्याचं वेड या गावाला नवं नाही. खरी कॉर्नरला महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, माझ्या रोजच्या वाटेवर. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास आयता कॅमेरा न आणता इथंच घडवला, सोबतीला दामल्यांसारखे शिष्य घेऊन. त्यावर १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट केला. कंपनीला पैसा दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. पुढं याच गावात उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता माणसं सुटे भाग ओतायला लागली आणि उद्यमनगर उभं राहिलं. जे आपल्याला उघडता येतं ते आपलं, ही इथली जुनी रीत. फोन त्या रीतीत बसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं तेव्हा मी त्या बातमीचं कात्रण काढून ठेवलं.

दुसरा फरक डोळ्याला दिसत नाही. तो साठवणीच्या चिपचा. दहा हजारांच्या आतल्या फोनमध्ये बहुतेक वेळा ईएमएमसी जातीची हळू चिप असते, महागात यूएफएस. "फोन स्लो झालाय" म्हणून जे सेट येतात, त्यांतले कितीतरी याच चिपपायी. ती भरत आली की फोन बैलासारखा बसतो. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

तिसरा फरक माझ्या मते सर्वांत मोठा, आणि जाहिरातीत तो सर्वांत खाली बारीक अक्षरांत असतो. सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार? पूर्वी फोन पडून, भिजून, झिजून मरायचा. आता तो धडधाकट असताना मरतो. १ जानेवारी २०२५ ला जुन्या अँड्रॉइडवरचं व्हॉट्सअॅप बंद झालं, तेव्हा माझ्याकडे ठणठणीत फोन घेऊन माणसं आली. डिस्प्ले चांगला, बॅटरी बरी, पण कंपनीनं अद्ययावत करणं कधीच सोडून दिलेलं. बँकेचं अॅपही तसंच एक दिवस नाही म्हणतं. स्वस्त फोनला बरीच वर्षं दोनेक वर्षांपलीकडे कुणी विचारत नव्हतं. गुगलनं ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचा शब्द दिला, सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये एस-२४ ला तोच. आणि मला ज्याचा सर्वांत आनंद झाला ती गोष्ट म्हणजे त्याच वर्षाअखेर वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए-१६ फाइव्ह-जीला सहा वर्षं मिळाली.

म्हणून मी गिऱ्हाइकाला पाटीवर भागाकार करून दाखवतो. बारा हजारांचा फोन तीन वर्षं गेला तर वर्षाला चार हजार. वीस हजारांचा सहा वर्षं गेला तर साडेतीन हजारांच्या आत, मध्ये एक बॅटरी धरली तरी फार चढत नाही. ऐंशी हजारांचा सात वर्षं वापरला तर वर्षाला साडेअकरा हजारांच्या आसपास, आणि एकदा काच फुटली की त्यात नव्या साध्या फोनची भर. मग बहुतेकांना मी मधला घ्या म्हणतो. कॅमेऱ्यावर पोट असलेल्याला महागातला. आणि ज्याला महागातलाच हवाय पण पैसे नाहीत, त्याला दोन वर्षं वापरलेला चांगल्या जातीचा जुना, बॅटरी तपासून. सात-आठ हजारांचा नवा स्मार्टफोन मी कुणाला आपण होऊन सुचवत नाही. २०२० च्या जूनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी आईबापांनी जे मिळेल ते घेतलं, त्याच वर्षी एप्रिलपासून फोनवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झालेला. त्यातले बरेच फोन मुलांच्या दहावीपर्यंतही पोचले नाहीत. उसनवारी मात्र पोचली.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर वडणग्याकडच्या एक मावशी आल्या. दूध संघाचा फरक मिळाला होता, पैसे रुमालात बांधलेले. नातू बरोबर होता आणि त्याचं बोट काचेच्या कपाटातल्या सर्वांत वरच्या फोनकडे. मावशींनी मला विचारलं, "किती वर्सं जाईल ओ?"

इतक्या वर्षांत मला या प्रश्नाचं लेखी उत्तर देता येत नव्हतं. मी वीस हजारांच्या आतला एक फोन काढला, खोक्यामागची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवली आणि पावतीच्या पाठीवर कंपनीनं सांगितलेलं शेवटचं साल मोठ्या आकड्यात लिहून दिलं. मावशींनी ती पावती दुधाच्या पुस्तकात घातली.